बोटभर पाण्याचा किनारा : कुंभकोणमहून कोडियक्करैकडे

कुंभकोणमची समुद्रसपाटीपासूनची उंची 25 मीटरच्या आसपास आहे आणि सरळ पूर्वेला समुद्र सुमारे 50 किलोमीटरवर. भागाकार केला तर किलोमीटरला अर्धा मीटर उतार येतो. आपल्या कोकणात तेवढ्याच अंतरात सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी सातशे-आठशे मीटर खाली उतरते. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय कावेरीच्या मुखप्रदेशाचा किनारा समजत नाही. कोकणाच्या मापाने तो मोजला तर कडा नाही, डोंगराचे टोक नाही, खाडीकाठचा किल्ला नाही, एवढेच दिसते. तंजावर, कुंभकोणम आणि पुढे रामेश्वर असा प्रवास करणारी पुष्कळ मराठी मंडळी याच कारणाने या किनाऱ्याला वळसा घालून जातात. त्यांचे फार मोठे नुकसान होते असे माझे मत आहे, आणि ते का होते हे इथे क्रमाने मांडायचे आहे.

समुद्रकाठी चालणे, वन्य प्राणी पाहणे आणि मनाला विसावा मिळणे या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या धरतो. या किनाऱ्यावर त्या तिन्ही एकाच कारणातून येतात, आणि ते कारण म्हणजे जमिनीचा हा अत्यल्प उतार. उतार नसल्यामुळे पाणी पसरते आणि उथळ राहते. पाण्याची पातळी चार बोटे वर किंवा खाली झाली की चिखलाचे तळे होते, तळ्याचे मीठ होते, मिठाच्या पलीकडे गवत उगवते आणि गवतामागे झाडी सुरू होते. प्राणी या बोटाबोटाच्या फरकाने जागा बदलतात. म्हणून इथली सहल आखताना स्थळांची यादी दुय्यम ठरते. पाणी कुठे, किती आणि कोणत्या महिन्यात आहे, हे आधी पाहावे लागते.

प्रथम भूमीची घडण. कल्लणै, म्हणजे इंग्रजांनी ज्याला ग्रँड अॅनिकट म्हटले तो चोळकालीन बांध, तिथून कावेरीचे पाणी वाटले जाते. कोळ्ळिडम, वेण्णार, अरसलार अशा फाटेफाट्यांनी ते पूर्वेला आणि आग्नेयेला पसरते. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. हजारो वर्षे या शाखांनी आणलेल्या गाळाचा एक विस्तीर्ण पंखा समुद्रात घातला गेला. या पंख्याची आग्नेय कड म्हणजे कोडियक्करै. भारताचा कोरोमंडल किनारा उत्तरेकडून सरळ दक्षिणेला येतो आणि इथे काटकोनात पश्चिमेकडे वळतो. पूर्वेला बंगालचा उपसागर, दक्षिणेला पाल्कची सामुद्रधुनी. नकाशात हा कोपरा लगेच डोळ्यांत भरतो.

या कोपऱ्यामुळे किनाऱ्याचे दोन अगदी भिन्न स्वभाव होतात. तरंगंबाडी, कारैक्काल, नागपट्टिणम, वेळांकण्णी हा पूर्वेकडचा पट्टा उघड्या समुद्रासमोर आहे. लाट मोठी, वाळू सरळ आणि रुंद, आणि समुद्राची जमिनीवर सतत चढाई. तरंगंबाडीला डॅनिश लोकांनी 1620 मध्ये बांधलेल्या डान्सबोर्ग किल्ल्याजवळ मासिलामणिनाथाचे पांड्यकालीन देऊळ आहे. ते 1306 मधले आहे. त्याचा पुढचा भाग समुद्राने केव्हाच गिळला. या पट्ट्यावर चालायला छान वाटते, पण प्राणी पाहण्याच्या दृष्टीने तो तुलनेने रिता आहे. त्याला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे जानेवारीपासून पुढचे काही महिने रात्री अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे. आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या वाळूवर येतात तीच ही जात. इथेही वनखाते अंडी उचलून कुंपणात उबवते आणि पिल्ले समुद्रात सोडते.

कोपरा ओलांडून पश्चिमेकडे गेलो की दुसराच समुद्र सुरू होतो. पाल्कचा उपसागर इतका उथळ आहे की बहुतेक ठिकाणी खोली दहा-बारा मीटरांच्या आतच राहते. लाट मंद असते. भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही नसतो. मुंबईला मोठ्या उधाणाला हाच फरक चार मीटरांच्या वर जातो, हे मनात आणले म्हणजे इथल्या किनाऱ्याची शांतता कशातून येते ते उमगते. मुंबईच्या खडकांवर फिरताना घड्याळ पाहावे लागते. इथे समुद्र दिवसभर जवळपास एकाच ठिकाणी असतो.

वाऱ्याचा विचार केल्याशिवाय हे वर्णन पुरे होत नाही. ऑक्टोबरपासून ईशान्येचा वारा वाहतो, तेव्हा पूर्वेची बाजू खवळलेली आणि दक्षिणेची बाजू आडोशाला. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा आला की उलटे होते. वाळूही वाऱ्याबरोबर आलटून पालटून दोन्ही दिशांना सरकते, आणि तिच्यातली काही कोपरा वळून दक्षिण काठावर पट्ट्यासारखी साचते. चालणाऱ्याच्या हिताचे यात एक साधे सूत्र आहे. कोडियक्करैला कोणत्याही ऋतूत दोनपैकी एक किनारा निवांत असतो. एवढी सोय सरळ किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावाला नाही.

त्या वाळूच्या पट्ट्यामागे जे अडकून राहिले आहे ते या सगळ्या विवेचनाचे केंद्र आहे. वेदारण्यमची मोठी दलदल. समुद्राला समांतर, पूर्व-पश्चिम पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर पसरलेली. पश्चिम टोकाला ती मुत्तुपेट्टैच्या खारसरोवराला आणि खारफुटीला मिळते. काळविटांसाठी 1967 मध्ये कोडियक्करैचे अभयारण्य झाले, आणि 2002 मध्ये ते व ही दलदल मिळून 385 चौरस किलोमीटरचा प्रदेश रामसर यादीत गेला. उन्हाळ्यात दलदलीचा मोठा भाग कोरडा पडतो आणि वर मिठाची पापडी धरते. ऑक्टोबरला ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. या भागातल्या वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा डिसेंबरपर्यंतच्या तीन महिन्यांत पडतो. वरून पावसाचे पाणी, मागून कावेरीच्या शाखांचे, पुढून समुद्राचे. तिघांच्या मिश्रणाने क्षारता बदलते, आणि क्षारतेप्रमाणे पाण्यातले किडे, झिंग्यांची पिल्ले, शेवाळ बदलते. पक्षी येतात ते या अन्नामागे.

इथे पाण्याची खोली हीच पक्ष्यांची वाटणी करते. छोटा टिलवा वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा. तो ओल्या चिखलावर, पाण्याच्या अगदी कडेला टिपत धावतो. चिखल्या त्याच्याही मागे, जवळपास कोरड्यावर. घोटाभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या. त्यापुढे चमचा, चोच डावी-उजवीकडे फिरवत. गुडघाभर पाण्यात रोहित. रोहिताची चोच उलटी धरून वापरायची असते. पाणी आत ओढायचे, जिभेने बाहेर ढकलायचे आणि चोचीतल्या चाळणीवर अडकलेले बारीक जीव गिळायचे, अशी ती योजना आहे. पाणी फार चढले की त्याला तळ गाठता येत नाही, फार आटले की चाळायला काही उरत नाही. त्याहून खोल पाण्यात झोळीवाले, आणि सगळ्यांच्या वर हवेत कॅस्पियन सुरय, लाल चोच खाली रोखून. एकाच ठिकाणी शांत बसून दुर्बीण काठापासून आत नेत गेले तर या साऱ्यांची रांग खोलीच्या क्रमाने डोळ्यांसमोर येते. मला हे दृश्य पक्षिशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवणारे वाटते. ठाण्याच्या खाडीत आपण रोहित पाहतो, पण तिथे ओहोटीच्या वेळेची घाई असते. इथे पाणी तासांच्या नव्हे तर आठवड्यांच्या हिशेबाने उतरते, म्हणून पाहणाऱ्यालाही सवड मिळते.

या दलदलीचे शास्त्र आपल्याला कळले त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या काळापासून कोडियक्करैला पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम चालवले. जाळ्यात पक्षी धरायचा, मोजायचा, तोलायचा, क्रमांकाची कडी घालून सोडून द्यायचा. इथे कडी घातलेले पक्षी पुढे सायबेरियासारख्या दूरच्या मुलखांत सापडले आणि मग स्थलांतराचे मार्ग नकाशावर आखता आले. कोपऱ्याचे महत्त्व इथेही आहे. दक्षिणेकडे निघालेल्या पाखराला श्रीलंकेपूर्वीची ही शेवटची जमीन. ऑक्टोबरच्या सुमारास नवरंग पक्षी रात्री इथल्या झाडीत उतरतो. थकलेला, पानांच्या कचऱ्यात अन्न शोधणारा हा पक्षी सकाळी झाडीच्या वाटेवर अवचित दिसतो. दलदलीतले थवे लांबून पाहायचे, नवरंग मात्र पाच पावलांवर. ज्याला पक्षी ओळखायची सवय नाही त्यालाही तो विसरता येत नाही.

आता झाडी आणि गवत. कोडियक्करैची झाडी शुष्क सदाहरित प्रकारची आहे. पाऊस बहुतेक तीन महिन्यांत, आणि तरी पाने बारमाही हिरवी. खिरणी हा तिचा मुख्य वृक्ष. जोडीला जांभूळ, पिलू आणि काटेरी झुडपे. कोरोमंडलाच्या काठाने एके काळी अशी झाडी बरीच होती. आता तिचे तुकडे उरले आहेत आणि त्यांतला हा मोठ्या तुकड्यांपैकी एक. तिच्यात रामर पादम नावाची टेकडी आहे. रामाने इथून लंकेकडे पाहिले अशी श्रद्धा. परिसरातली ही सर्वांत उंच जागा, आणि उंची किती, तर 4 मीटर. अशा मुलखात 4 मीटर चढूनही खूप दूरचे दिसते.

झाडीच्या बाहेर गवताळ मैदान आणि त्यात काळवीट. मराठी माणसाला काळवीट म्हटले की कर्जत तालुक्यातले रेहेकुरी आठवते, कोरडे माळरान, बाभळी, उन्हाची झळ. तोच प्राणी इथे वाळूच्या उंचवट्यावर उभा असतो आणि त्याच्यामागे समुद्र. विरोधाभास वाटतो, पण काळविटाला लागते ते आखूड गवत आणि मोकळी नजर. शत्रू लांबून दिसावा आणि पळायला जागा असावी. हे दोन्ही सपाट किनारा देतो. नर काळा-पांढरा, पिळाच्या शिंगांचा. माद्या आणि पिल्ले तांबूस. सकाळी उन्ह तापायच्या आधी वाटेवर उभे राहिले तर कळप चरत चरत जवळ येतो. पाठलाग केला तर तो काही क्षणांत नाहीसा होतो. वाहनातून पाहणाऱ्यापेक्षा थांबून पाहणाऱ्याला इथे नेहमी जास्त दिसते.

या मैदानाला दोन गोष्टी कुरतडत आहेत. एक वेडी बाभूळ, परदेशातून आलेली. तिच्या गोड शेंगा जनावरे खातात, बिया शेणातून पडतात आणि गवताच्या जागी काटेरी जंगल उभे राहते. दुसरी मोकाट घोडी. माणसाने सोडलेल्या तट्टांची ही प्रजा पिढ्यान्पिढ्या रानटी झाली आहे. ती काळविटाच्याच गवतावर चरते आणि बाभळीच्या शेंगाही खाते. पर्यटकांना ही घोडी फार आवडतात. समुद्राच्या पार्श्वभूमीवर ती दिसतातही सुंदर. पण अभयारण्य ज्याच्यासाठी झाले त्याच्या बाजूने विचार केला तर बाभूळ उपटण्याचे काम वनखात्याने थांबवता कामा नये, आणि घोड्यांच्या संख्येचा प्रश्नही टाळता येणार नाही.

पश्चिमेकडे मुत्तुपेट्टैला तिवराची खारफुटी आहे. तिथे होडीतून कोरैयारच्या पात्राने सरोवरात जाता येते. ब्रिटिश काळात इथली झाडे आळीपाळीने सरसकट तोडली. उघडी पडलेली जमीन सुकून खचली, खळगे झाले, खळग्यांत पाणी साचून इतके खारट झाले की तिवरही रुजेना. पुढे माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणून भरतीचे पाणी त्या खळग्यांत खेळवले, तेव्हा झाडी परतली. बोटभर उंचीच्या फरकाने जंगल मेले आणि बोटभर पाणी फिरते ठेवल्याने ते जगले, याचा याहून नेमका पुरावा मला माहीत नाही.

आणखी पश्चिमेला, मल्लिपट्टिणमजवळ, मनोरा. हा आठ मजली षट्कोनी बुरूज तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी 1814-15 मध्ये बांधला, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचे स्मारक म्हणून. राज्याचा कारभार 1799 च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलेला होता. त्या परिस्थितीत हे स्मारक का उभारले गेले ते समजण्यासारखे आहे, पण त्याचा अभिमान मला वाटत नाही. अभिमान वाटतो तो सरफोजींच्या दुसऱ्या उद्योगाचा. त्यांनी दरबारच्या चितारांकडून पशुपक्ष्यांची हुबेहूब चित्रे काढून घेतली. कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना दिलेला अशा चित्रांचा संच आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दक्षिणेत प्राणी निरखून पाहण्याची आणि नोंदवण्याची मराठी परंपरा शोधायची तर ती इथे सापडते. आणि मनोऱ्यासमोरच्या उथळ पाण्यात सागरी गवताची कुरणे आहेत, त्यांवर समुद्रगाय चरते. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा 448 चौरस किलोमीटर समुद्र तिच्यासाठी राखीव केला. भारतातले हे समुद्रगाईचे पहिले राखीव क्षेत्र. ती पर्यटकाला दिसेल अशी आशा धरू नये. पाणी उथळ, सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो, म्हणून गवत उगवते, म्हणून समुद्रगाय टिकते. मनोऱ्याशेजारी उभे राहून एवढे समजले तरी पुरे.

या प्रदेशात चालण्याला स्वतःचा इतिहास आहे. काशी-रामेश्वरचे यात्रेकरू तंजावरवरून या किनाऱ्याकडे येत, आणि त्यांच्यासाठी भोसले राजांनी आपल्या राण्यांच्या व प्रियजनांच्या नावाने छत्रे बांधली. नीडामंगलमचे यमुनांबाळचे, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळचे. तिथे अन्न मिळे, आजाऱ्याला वैद्य मिळे, बाळंतिणीची सोय होई. सपाट वाट, ठरावीक अंतरावर मुक्काम आणि रोजचे थोडे थोडे चालणे, ही विसाव्याची कल्पना या मुलखात आपल्याच लोकांनी रुजवली. कुंभकोणमची मराठी घराणीही याच राज्याच्या आश्रयाने स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. या वाटेवरचे सर्वांत प्रसिद्ध चालणे मात्र 1930 चे. राजाजी सुमारे शंभर सत्याग्रहींसह 13 एप्रिलला तिरुचिरापल्लीहून निघाले आणि तंजावर, कुंभकोणम करत 28 एप्रिलला वेदारण्यमला पोचले. सुमारे 240 किलोमीटर, ऐन उन्हाळ्यात. 30 एप्रिलला त्यांनी मिठाचा कायदा मोडला. जे मीठ उचलले ते याच दलदलीचे.

सपाट जमिनीचा हा किनारा सुरक्षित आहे असे कोणी समजू नये. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत नागपट्टिणम जिल्ह्यात हजारो माणसे गेली आणि कोडियक्करैच्या चोळकालीन दीपस्तंभाचे उरलेसुरले अवशेषही त्या दिवशी गेले. 16 नोव्हेंबर 2018 च्या गज चक्रीवादळाने झाडी मोडली आणि काळवीट व घोडी मारली. आपत्ती येते आणि जाते, जंगल पुन्हा उभे राहते. अधिक चिंतेचा आहे तो हळू होणारा बदल. 1934 मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाल्यापासून कावेरीचा गाळ आणि गोडे पाणी मुखाशी कमी येते. दलदलीच्या मोठ्या भागावर मिठागरे पसरली. 1980 च्या दशकाच्या मानाने पाणपक्षी घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ज्या प्रदेशाचे जीवन बोटभर पाण्यावर तोललेले आहे, तिथे वरच्या अंगाला घेतलेला पाण्याचा प्रत्येक निर्णय इथल्या पाखरांच्या वाट्याला येतो. कावेरीच्या वाटपावर शेतकऱ्यांचा हक्क निर्विवाद आहे. पण त्या हिशेबात मुखाशी पोचणाऱ्या पाण्याचेही एक खाते असले पाहिजे.

विसावा कशाने मिळतो, एवढा एक मुद्दा राहतो. डोंगरात चालताना श्वास, पाऊल, चढ यांवर लक्ष जाते. खवळलेल्या समुद्राकाठी आवाज मन व्यापतो. इथे पावलाला अडथळा नाही, आवाज थोडा, क्षितिज चहूकडे सारखे. लक्ष द्यायला फक्त जिवंत, हलणाऱ्या गोष्टी उरतात. शरीर थकत नाही आणि मन रिकामेही राहत नाही. आठवडाभराच्या कामाने शिणलेल्या माणसाला नेमकी हीच स्थिती हवी असते.

तेव्हा तंजावर-कुंभकोणमची यात्रा आखणाऱ्यांना माझी विनंती आहे. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी निवडा. पाऊस ओसरलेला असतो, दलदलीचे पाणी उतरू लागलेले असते आणि उन्ह अजून बोचत नाही. कुंभकोणमहून तिरुवारूर, तिरुत्तुरैप्पूंडी, वेदारण्यम असा रस्ता शंभर किलोमीटरच्या थोडा पुढे जातो. वेदारण्यमजवळच्या अगस्तियमपळ्ळीपर्यंतची रेल्वेही एप्रिल 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. वनखात्याचे ‘पूनारै इल्लम’ हे विश्रामगृह कोडियक्करैला आहे, त्याची आणि अभयारण्यात हिंडण्याची परवानगी आधीच घ्या. एका दिवसात जाऊन येऊ नका. पहिली सकाळ दलदलीच्या काठाला द्या, संध्याकाळ गवताळ मैदानाला, दुसरा दिवस मुत्तुपेट्टैच्या होडीला किंवा मनोऱ्याला. दुर्बीण न्या, ड्रोन नेऊ नका. थव्याच्या जवळ जाऊन त्याला उडवू नका, कारण सायबेरियाच्या परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी त्या प्रत्येक उड्डाणात खर्च होते.